आधी चाक, मग गाडा : घरी बनवायच्या अवजारगाड्यासाठी चाकांची निवड



शेतावर जाताना रोज किती ओझे वाहावे लागते याचा आपण क्वचितच हिशेब करतो. फवारणीचा पंप, पाण्याचे कॅन, पाने-पक्कडीची पेटी, पहार, टिकाव, फावडी, घमेली, ठिबकच्या दुरुस्तीचे सामान असे बरेच काही घरातून बांधावर आणि बांधावरून पिकात न्यावे लागते. बैलजोडी असली तरी एवढ्याशा सामानासाठी कोणी गाडी जुंपत नाही. ट्रॅक्टर उभ्या पिकात शिरत नाही. मग हे ओझे डोक्यावर किंवा खांद्यावर येते आणि त्यातला मोठा वाटा घरातील स्त्रियांकडे जातो.

यावर सोपा उपाय म्हणजे हाताने ओढायचा किंवा ढकलायचा छोटा अवजारगाडा. लोखंडी अँगल किंवा चौकोनी पाइप आणून गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून तो एका दिवसात तयार करून घेता येतो. तरीही अनेक ठिकाणी असा गाडा गोठ्याच्या कोपऱ्यात पडून असलेला दिसतो. सांगाडा मजबूत असतो, रंगही चांगला असतो, पण गाडा शेतात चालत नाही. कारण पाहिले तर बहुधा एकच निघते, ते म्हणजे चुकीची चाके. आधी सांगाडा केला जातो आणि शेवटी दुकानात मिळतील ती चाके बसवली जातात. खरा क्रम याच्या उलट आहे. आधी जमीन पाहावी, जमिनीनुसार चाक ठरवावे आणि चाकानुसार सांगाडा करावा. चाके निवडताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात, याची माहिती या लेखात दिली आहे.

चाक घेण्यापूर्वी चार प्रश्न

१) गाडा मुख्यतः कोठे चालणार? गोदामातील सिमेंटच्या फरशीवर, कच्च्या गाडीवाटेवर, बांधावर, की नांगरलेल्या रानात?

२) एकूण वजन किती?

३) वाटेत अरुंद जागा कोणती? पिकाच्या दोन ओळींमधील अंतर, बांधाची रुंदी आणि गोठ्याच्या दाराची रुंदी मोजून घ्यावी.

४) गाडा ओढणार कोण? धडधाकट तरुण ओढणार की घरातील स्त्रिया व वडीलधारी माणसे, यावर बरेच काही अवलंबून असते.

वजनाचा अंदाज नेहमी कमी धरला जातो. म्हणून एकदा कागदावर हिशेब करावा. उदाहरणार्थ, भरलेला पाठीवरचा पंप २० किलो, फवारणीच्या पाण्याचे २० लिटरचे दोन कॅन ४२ किलो, पाने-पक्कडीची पेटी १५ किलो, पहार, टिकाव व फावडी १५ किलो आणि गाड्याचे स्वतःचे वजन २८ किलो. एकूण १२० किलो. पुढील सर्व हिशेब या १२० किलोच्या दोनचाकी गाड्यासाठी दिला आहे. आपल्या वजनाप्रमाणे त्यात फरक करून घ्यावा.

जमिनीप्रमाणे ओढ बदलते

तोच गाडा, तेच वजन, पण जमीन बदलली की ओढण्याचे बळ कितीतरी बदलते. हवेची चाके असलेला १२० किलोचा गाडा सिमेंटच्या सपाट फरशीवर ओढण्यास साधारण अडीच किलोचा जोर पुरतो. घट्ट गाडीवाटेवर तो सुमारे ६ किलो लागतो. नांगरलेल्या भुसभुशीत रानात मात्र तोच २४ ते ३० किलोपर्यंत जातो. चढ असेल तर त्याची ओढ वेगळी. दहा फुटांत एक फूट चढ असेल तर वजनाचा दहावा भाग, म्हणजे १२ किलो, आणखी वाढतो.

हे आकडे ढोबळ असले तरी त्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. दुकानाच्या फरशीवर गाडा एका बोटाने ढकलून दाखवला म्हणून तो रानात चालेल असे समजू नये. फरशीवर कोणतेही चाक हलकेच वाटते. चाकाची खरी परीक्षा ढेकळात, दगडात आणि वाळूत होते.

चाकाचा व्यास

चाक जितके मोठे तितके ते खड्ड्यात कमी पडते आणि अडथळ्यावर सहज चढते. आपल्या पूर्वजांनी काळ्या जमिनीत चालणाऱ्या बैलगाडीला पुरुषाच्या छातीपर्यंत येणारी चाके बसवली, ती याच कारणासाठी.

समजा, वाटेत ५ सेंटिमीटर उंचीचा दगड किंवा पाटाची कड आली. दोनचाकी गाड्याची दोन्ही चाके त्यावर एकदम चढवायची आहेत. चाक कडक आहे आणि गाडा सावकाश, आसाच्या उंचीवर आडवा ओढला जात आहे, असे धरल्यास १२० किलो वजनासाठी पुढीलप्रमाणे जोर लागतो.

चाकाचा व्यास १५ सेंमी (सुमारे ६ इंच) : ३३९ किलो
चाकाचा व्यास २० सेंमी (सुमारे ८ इंच) : २०८ किलो
चाकाचा व्यास ४३ सेंमी (सुमारे १७ इंच) : १०० किलो
चाकाचा व्यास ५२ सेंमी (सुमारे २० इंच) : ८८ किलो
चाकाचा व्यास ६६ सेंमी (सुमारे २६ इंच) : ७५ किलो

प्रत्यक्षात गाड्याला थोडा वेग असतो, हवेचे टायर दगडावर दबते आणि आपण एक चाक आधी व दुसरे नंतर चढवतो. त्यामुळे एवढा जोर लागत नाही. पण चाकाचाकांतील फरक तसाच राहतो. ६ इंची चाकाचा गाडा अशा दगडापाशी अडतोच. तो उचलूनच पलीकडे ठेवावा लागतो.

वरील आकड्यांतून आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ६ इंचांवरून १७ इंचांवर गेल्याने जोर एक तृतीयांशाहून कमी झाला. त्यापुढे १७ वरून २६ इंचांवर गेल्याने तो फक्त पाव हिश्शाने उतरला. म्हणजे एका मर्यादेनंतर चाक वाढवून फारसा लाभ होत नाही. उलट गाडा उंच होतो, सामान चढवणे-उतरवणे जड जाते आणि गाडा कलंडण्याचा धोका वाढतो. म्हणून शेतात चालणाऱ्या अवजारगाड्यासाठी ४० ते ५५ सेंटिमीटर व्यासाचे चाक सर्वसाधारणपणे योग्य ठरते. त्याहून लहान चाक फक्त पक्क्या फरशीसाठी वापरावे.

टायरची रुंदी आणि हवा

मऊ जमिनीत चाक किती रुतेल हे टायरच्या रुंदीवर आणि हवेवर अवलंबून असते. हवेचे टायर जमिनीवर जो दाब देते तो ढोबळमानाने टायरमधील हवेच्या दाबाएवढा असतो. १२० किलोच्या गाड्यात प्रत्येक चाकावर ६० किलो भार येतो. टायरमध्ये १५ पौंड हवा असेल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब असेल, तर टायरचा सुमारे ६० चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकतो. सायकलच्या अरुंद टायरमध्ये ४५ पौंड हवा भरली तर फक्त २० चौरस सेंटिमीटर भाग टेकतो. तेवढ्याच वजनाला जागा एक तृतीयांश मिळाल्यामुळे ते टायर सुरीसारखे मातीत घुसते.

म्हणून भुसभुशीत रानात व नदीकाठच्या वाळूत रुंद टायर व कमी हवा, तर पक्क्या वाटेवर थोडी जास्त हवा ठेवावी. स्कूटर किंवा रिक्षाच्या टायरमध्ये या गाड्यासाठी १५ ते २५ पौंड हवा पुरते. मात्र हवा इतकीही कमी करू नये की टायर रिमवरून सरकेल आणि ट्यूबचा वॉल्व्ह तुटेल. भरलेला गाडा उभा असताना टायर किंचित बसलेले दिसावे, पण रिम जमिनीजवळ येऊ नये.

रुंद टायरचा आणखी एक फायदा आहे. ठिबकच्या नळ्या ओलांडताना अरुंद कडक चाक नळीवर वजन एकवटते. रुंद मऊ टायर तेच वजन पसरवते. तरीही नळ्यांवरून नेहमीची वाट असेल तर तेथे दोन्ही बाजूंना माती टाकून किंवा फळी ठेवून ओलांडणी करावी.

काळ्या जमिनीबाबत एक सूचना महत्त्वाची आहे. पावसानंतर वाफसा येण्यापूर्वी कोणत्याही चाकाचा गाडा रानात घालू नये. चिकट माती टायरला गुंडाळत जाते, चाक जाम होते आणि जमीनही दबते. वाफशावरसुद्धा थोडी माती चिकटणारच. त्यामुळे चाक आणि सांगाडा यांमध्ये चारही बाजूंनी किमान ५ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी. सायकलचे चाक मडगार्डसह बसवू नये. मडगार्डमध्ये माती भरून चाक अडते.

एक, दोन की चार चाके?

एक चाक : अरुंद बांधावरून किंवा पिकाच्या दोन ओळींमधून जाण्यास एकचाकी गाडा उत्तम. कोकणातील जांभ्या दगडाच्या पायवाटा व खाचरांचे बांध येथे तो उपयोगी पडतो. परंतु बराचसा भार हातावर येतो आणि तोल सांभाळावा लागतो. ५० ते ६० किलोंपेक्षा जास्त वजन त्यावर घेऊ नये.

दोन चाके : बहुतेक शेतकऱ्यांसाठी हाच प्रकार सोयीचा आहे. वजन चाकांवर राहते, गाडा जागच्या जागी वळतो आणि एक-एक चाक करून अडथळा ओलांडता येतो. गाडा उभा राहावा यासाठी दांडीच्या बाजूला दोन पाय लावावेत.

चार चाके : हा प्रकार सपाट फरशीसाठी आहे. कांदाचाळीचा ओटा, पॅकिंगची शेड, गोदाम किंवा घरची कार्यशाळा येथे तो चांगला चालतो. उंचसखल जागी चारपैकी एक चाक अधांतरी राहते, म्हणून चाकांची क्षमता ठरवताना एकूण वजनाला चारने नव्हे तर तीनने भागावे. १५० किलो वजन असेल तर प्रत्येक चाक किमान ५० किलो पेलणारे हवे.

कोणते चाक घ्यावे?

टायरच्या मापावरून बाहेरचा व्यास काढता येतो. स्कूटरच्या टायरवर ३.५०-१० असे लिहिलेले असते. यातील ३.५० ही टायरची रुंदी आणि १० हा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. रुंदीची दुप्पट रिमच्या व्यासात मिळवली की बाहेरचा व्यास साधारण १७ इंच येतो. सायकलच्या २६ किंवा २८ इंची टायरमध्ये मात्र पहिला आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो.

१) सायकलचे चाक : हलके, मोठे आणि कोठेही मिळणारे. सरळ उभा भार ते चांगला पेलते. पण आडव्या धक्क्याला ते कमजोर असते. भरलेला गाडा उतारावर आडवा घेतला किंवा झटक्यात वळवला की रिम वाकडी होते. शिवाय त्याचा आस बारीक असतो आणि तो दोन्ही बाजूंनी धरलेला असावा अशीच त्याची रचना आहे. गाड्याला हे चाक फक्त एका बाजूने बसवल्यास आस वाकतो. ही चूक फार ठिकाणी दिसते. सायकलचे चाक वापरायचेच असेल तर प्रत्येक चाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टी देऊन चिमट्यासारखे बसवावे, भार ७० ते ८० किलोंच्या आत ठेवावा आणि गाडा मुख्यतः गाडीवाटेवरच वापरावा. मालवाहू सायकलचे जाड तारांचे चाक मिळाल्यास ते अधिक चांगले.

२) मोपेडचे चाक : जुन्या मोपेडचे १६ इंची रिमचे, बाहेरून सुमारे २० इंची चाक हा चांगला मध्यम मार्ग आहे. सायकलपेक्षा ते बरेच मजबूत आणि टायरही रुंद. तेही दोन्ही बाजूंनी धरूनच बसवावे.

३) स्कूटरचे किंवा रिक्षाचे चाक : स्कूटरचे ३.५०-१० आणि रिक्षाचे ४.००-८ या मापांचे चाक अवजारगाड्यासाठी सर्वांत उपयुक्त आहे. व्यास १६ ते १७ इंच, टायर रुंद, रिम पत्र्याची असल्याने आडवे धक्के सोसते आणि एका बाजूने बसवता येते. या गाड्याच्या दुप्पट भारही ते सहज घेते. भंगारातून घेताना रिमची कड वाकलेली आहे का, बोल्टची भोके मोठी झाली आहेत का आणि टायरच्या बाजूला तडे आहेत का ते पाहावे. स्कूटरचे पुढचे चाक ड्रम व आसासह मिळाले तर लेथवरील काम वाचते.

४) लहान फिरती चाके : ५ ते ६ इंची ही चाके केवळ फरशीसाठी आहेत. दोन सरळ व दोन फिरती अशी जोडी घ्यावी आणि फिरती चाके ढकलण्याच्या दांडीकडे बसवावीत. फिरत्या चाकाला पूर्ण गोल फिरण्यास जागा मिळते की नाही हे सांगाडा करतानाच तपासावे. नायलॉनचे चाक हलके फिरते, पण आवाज करते आणि खडा आला की अडते. रबराचे चाक शांत चालते, परंतु डिझेल व ऑइल सांडणाऱ्या जागी साधे रबर फुगून खराब होते. अशा ठिकाणी पॉलियुरेथेनचे चाक घ्यावे.

५) लोखंडी चाक : पट्टी वाकवून केलेले लोखंडी चाक पंक्चर होत नाही. पण ते खडखडते, मऊ जमिनीत रुतते आणि प्रत्येक धक्का थेट सांगाड्याला व हाताला देते. त्यातील पंपाच्या जोडण्याही सैल होतात. पट्टी किमान ३ इंच रुंद असल्याशिवाय ते वापरू नये.

आस आणि बेअरिंग

चाक चांगले आणि आस कमजोर असा गाडा फार दिवस टिकत नाही. चाक एका बाजूने बसवायचे असेल तर आस किमान २० मिलिमीटर जाडीचा घ्यावा. १२ मिलिमीटरची सळई पुरेशी वाटते, पण २० मिलिमीटरचा आस वाकण्याच्या बाबतीत तिच्या साडेचार पट मजबूत असतो, कारण मजबुती जाडीच्या घनाप्रमाणे वाढते. दोन्ही टोकांना चाक येईल असा एकच अखंड आस सांगाड्याखालून आडवा घ्यावा आणि तो सांगाड्याला पक्का जोडावा. चाके मात्र आसावर स्वतंत्र फिरली पाहिजेत. दोन्ही चाके आसाला वेल्ड करून आसच फिरता ठेवला तर वळताना एक चाक फरपटते व गाडा वळत नाही.

प्रत्येक चाकात दोन बेअरिंग असावीत आणि त्यांच्यात ५ सेंटिमीटर तरी अंतर असावे. जवळजवळ बसवलेल्या बेअरिंगचे चाक डुगडुगते. २० मिलिमीटरच्या आसाला ६२०४ क्रमांकाचे बेअरिंग बसते. ते मागताना दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलेच मागावे. हे बेअरिंग आपल्या गाड्याच्या कितीतरी पट भार पेलू शकते. शेतात बेअरिंग खराब होते ते वजनाने नव्हे, तर चिखल आणि पाणी आत गेल्याने. दोन बेअरिंगच्या आतील कड्यांमध्ये आसावर पाइपचा तुकडा घालावा, म्हणजे नट आवळल्यावर बेअरिंग जाम होणार नाहीत.

बेअरिंग परवडत नसेल तर पितळी बुश चालेल. गाडा हळू चालतो, त्यामुळे बुश बराच काळ टिकते. मात्र ग्रीस भरण्यासाठी निपल हवे आणि आठवड्याला ग्रीस द्यायला हवे. बैलगाडीला वंगण घालण्याची सवय येथेही उपयोगी पडते.

काटे आणि पंक्चर

बाभळीचे काटे व सराटे असलेल्या भागात पंक्चर ही रोजची कटकट होते. त्यावर पुढील उपाय करावेत. झिजलेले गुळगुळीत टायर घेऊ नये. जाड नक्षीचे टायर घ्यावे. जुन्या टायरची नक्षी असलेली पट्टी कापून, कडा घासून गुळगुळीत करून, नव्या टायरच्या आत अस्तर म्हणून घालावी. ट्यूबमध्ये भरायचे पंक्चररोधक द्रावणही मिळते आणि बारीक काट्यांना ते उपयोगी पडते. यानंतरही त्रास होत असेल तरच भरीव रबरी चाकाचा विचार करावा. भरीव चाक जड असते आणि मऊ रानात अधिक रुतते, हे ध्यानात ठेवावे.

चाकांची जागा आणि भाराचा तोल

दोनचाकी गाड्यात चाके भाराच्या जवळजवळ बरोबर खाली यावीत. दांडीवर ८ ते १० किलो भार राहील इतकाच फरक ठेवावा. उदाहरणार्थ, १२० किलो भाराचा मध्य आसापासून दांडीकडे १० सेंटिमीटर असेल आणि दांडीची मूठ आसापासून १२० सेंटिमीटर असेल, तर हातावर १० किलो भार येतो. तोच मध्य ३० सेंटिमीटर सरकला तर हातावर ३० किलो येतात आणि चाके कितीही चांगली असली तरी गाडा नकोसा होतो. उलट, भार आसाच्या पलीकडे गेला तर चढावर दांडी वर उचलली जाते. म्हणून आस कायमचा वेल्ड करण्यापूर्वी तो तात्पुरता बांधावा, गाड्यात रोजचे सामान भरावे, दांडी उचलून पाहावी आणि मगच जागा पक्की करावी.

दोन चाकांमधील अंतर भाराच्या मध्याच्या उंचीपेक्षा कमी नसावे. पाण्याचे कॅन व अवजारांची पेटी तळाशी, हलके सामान वर ठेवावे. पिकाच्या ओळींतून जायचे असेल तर सर्वांत बाहेरचे टोक, म्हणजे आसाचा नट धरून गाड्याची रुंदी मोजावी. ओळींतील मोकळ्या जागेपेक्षा ती १५ ते २० सेंटिमीटर कमी असावी.

तानकाट्याने परीक्षा

गाडा तयार झाल्यावर एक सोपी परीक्षा करता येते. कापूस किंवा कांदा मोजण्याचा स्प्रिंगचा तानकाटा दांडीला अडकवावा आणि भरलेला गाडा आपल्याच रानात काट्याने सावकाश ओढावा. गाडा एकसारखा चालत असताना काटा किती किलो दाखवतो ते पाहावे. नेहमीच्या वाटेवर १० किलोंच्या आत ओढ असेल तर गाडा चांगला. २० किलोंच्या वर असेल तर हवा, तोल व बेअरिंग तपासावे. तरीही ओढ उतरत नसेल तर भार निम्मा करून दोन फेऱ्या कराव्यात. दोन हलक्या फेऱ्या एका जड फेरीपेक्षा सोप्या जातात आणि अंगही दुखत नाही.

शेवटची परीक्षा मात्र माणसाची. जी व्यक्ती गाडा रोज ओढणार आहे तिच्याच हातात दांडी द्यावी आणि घरापासून बांधापर्यंत एक फेरी करू द्यावी. मुठीची उंची तिच्या कमरेजवळ यावी. खाली वाकून ओढावे लागत असेल तर दांडी बदलावी. घरच्या स्त्रियांसाठी केलेला गाडा पुरुषांनीच ढकलून पसंत करू नये.

धोके टाळा

१) स्कूटर व रिक्षाच्या अनेक चाकांची रिम दोन पाळ्यांची असते आणि त्या बोल्टने जोडलेल्या असतात. टायरमध्ये हवा असताना पाळ्या जोडणारे नट कधीही सैल करू नयेत. पाळी उडून जीवघेणी इजा होऊ शकते. आधी वॉल्व्हची पिन काढून सर्व हवा सोडावी आणि नंतरच पान्याला हात लावावा.

२) लहान टायर कॉम्प्रेसरने क्षणात जादा भरते व फुटू शकते. हातपंपाने किंवा दाबमापक लावून हवा भरावी.

३) उतारावर भरलेल्या गाड्यापुढे चालू नये. गाडा खाली ठेवून आपण चढाच्या बाजूने तो धरून उतरवावा. उभा करताना चाकाखाली पाचर किंवा दगड लावावा. विहिरीजवळ व शेततळ्याच्या काठावर हे विसरू नये.

४) कीटकनाशके आणि पिण्याचे पाणी किंवा जेवणाचे डबे एकाच गाड्यात ठेवू नयेत.

देखभाल

आठवड्यातून एकदा हवा पाहावी आणि चाक उचलून हाताने फिरवावे. खरखर आवाज आल्यास बेअरिंग बदलावे. चाक धरून आडवे हलवून पाहावे. डुगडुगत असल्यास नट आवळावा. चिखल धुताना पाण्याचा जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नये. गाडा सावलीत ठेवावा, कारण उन्हाने टायरला तडे जातात. हंगाम संपल्यावर गाडा विटांवर उचलून ठेवावा, म्हणजे टायर एकाच जागी दबून राहणार नाहीत.

थोडक्यात सांगायचे तर फरशीसाठी लहान फिरती चाके, गाडीवाटेवरील हलक्या ओझ्यासाठी सायकल किंवा मोपेडची चाके आणि रानात नेहमी चालणाऱ्या गाड्यासाठी स्कूटर-रिक्षाची रुंद चाके निवडावीत. आस २० मिलिमीटरचा, बेअरिंग सीलची आणि भार आसावर ठेवावा. वेल्डिंगवाल्याकडे जाताना आधी चाकांची जोडी घेऊन जावे आणि त्यांच्या मापाने सांगाडा करून घ्यावा. याबाबत काही अडचण आल्यास जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी विभागात विचारणा करावी. चाक योग्य निवडले तर हा साधा गाडा अनेक वर्षे घरच्यांच्या डोक्यावरचे ओझे उतरवील.